सायकल घेण्याआधी खांब शोधा

पत्र थोडक्यात असं: कोथरूडला राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका वाचक भगिनींचं ऑफिस शिवाजीनगरला आहे, अंतर सहा-सात किलोमीटर. लॉकडाऊन संपता संपता त्यांनी जाड टायरची, एकवीस गिअरची सायकल घेतली आणि आठवड्यातले तीन-चार दिवस ऑफिसला सायकलनं जाऊ लागल्या. गेल्या दिवाळीत सगळे गावी गेले असताना ती सोसायटीच्या पार्किंगमधून चोरीला गेली. नंबरचं केबल लॉक तुटून तिथंच पडलं होतं. 'सायकलीसाठी कोण तपास करणार' म्हणून पोलिसांत तक्रार केली नाही. बिल मात्र सापडलं आहे. आता पुन्हा सायकल घ्यायची तर घरात तीन मतं आहेत. यजमान म्हणतात, दोन-तीन हजारांची जुनी घे, गेली तर गेली. भाचा म्हणतो, घ्यायची तर चाळीस हजारांची हायब्रिड, म्हणजे रेसिंगची आणि जाड टायरची यांच्या मधली सायकल घे. सासूबाई म्हणतात, दारात स्कूटर असताना हे हवंय कशाला. वाचक विचारतात: शहरात चालवायला कुठली सायकल घ्यावी, आणि चोरीला जाणार नाही अशी एखादी आहे का? शिवाय वॉचमनवर संशय आहे, त्याला जाब विचारावा का?

नमस्कार,

चोरीला जाणारच नाही अशी सायकल अजून कुणी बनवलेली नाही, तेव्हा तो शोध सोडून देऊ. पण पत्र वाचताना एक गोष्ट जाणवली. घरातल्या तिन्ही मतांत सायकल चालते कशी आणि पडते केवढ्याला याचा विचार आहे. ती उभी कुठं राहते, हे कुणीच विचारलेलं नाही. कोथरूड ते शिवाजीनगर जाऊन-येऊन तुमचा फार तर सव्वा तास जात असेल. बाकीचा दिवस आणि सगळी रात्र सायकल उभीच असते. आधीची गेली तीही उभी असताना, आणि तीसुद्धा शिवाजीनगरच्या गर्दीतून नाही, घरच्या पार्किंगमधून. म्हणून मी उलट्या टोकानं सुरुवात करते. आधी जागा बघू, मग कुलूप, आणि सायकल सगळ्यात शेवटी.

गेट आहे, वॉचमन आहे, म्हणजे पार्किंग सुरक्षित, असं आपण धरून चालतो. चोराच्या बाजूनं बघा. ऑफिसबाहेर दर दोन मिनिटांनी कुणीतरी ये-जा करतं, चहावाला बघतो, सिक्युरिटीवाला हटकतो. सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात, सुट्टीच्या रात्री, त्याला हवा तेवढा वेळ मिळतो. आणि सायकल बांधली कशाला होती? तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की कशालाच नाही. केबल चाकातून आणि फ्रेममधून फिरवली आणि नंबर फिरवून टाकले. बहुतेक सोसायट्यांत असंच असतं. तसं असेल तर त्यानं केबल तोडली ती निव्वळ चालवत नेण्याच्या सोयीसाठी. उचलून टेंपोत टाकली असती तरी काम झालंच असतं.

तेव्हा पहिली खरेदी सायकलीची नको. जमिनीत पुरलेल्या एका लोखंडी पाइपाची करा. उलट्या यू आकारात वाकवलेला दीड-दोन इंची जाड पाइप, दोन्ही पाय जमिनीत काँक्रीट करून बसवलेले. कुठलाही वेल्डिंगवाला हे करून देतो, आणि एका पाइपाला दोन्ही बाजूंनी मिळून दोन सायकली बांधता येतात. आरसीसी कॉलमला भोक पाडून कडी बसवायचा विचार मनात आला तर तो सोडा. सोसायटी परवानगी देणार नाही, आणि तिचं बरोबरच आहे. कंपाउंडच्या पक्क्या भिंतीत अँकर फास्टनर, म्हणजे भिंतीच्या आत फुगून घट्ट बसणारा बोल्ट मारून कडी बसवली तरी चालेल, पण पाइप जास्त बरा. सेक्रेटरींना अर्ज देताना एकटीच्या नावानं देऊ नका. इमारतीत शाळकरी मुलांच्या चार-पाच सायकली असणारच, त्यांच्या आईवडिलांच्या सह्या घ्या. 'माझ्या सायकलीसाठी खांब हवा' याला मीटिंगमध्ये फाटे फुटतात, 'मुलांच्या सायकलींची सोय' याला सहसा फुटत नाहीत. खर्च आपण वाटून करू असंही अर्जातच लिहून टाका.

जागा कुठली? कोपऱ्यातली नको. लिफ्टच्या समोर, मीटरच्या खोलीपाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोरची. कॅमेरा असेल तर तो त्या बाजूला वळवून घ्या. सायकल वर घरात नेता आली तर प्रश्नच मिटला, पण रोज नेणं होत नाही. निदान गावाला जाताना तरी न्या. जिन्यात किंवा लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये मात्र ठेवू नका, आग लागली तर तोच बाहेर पडायचा रस्ता असतो.

ऑफिसकडे हीच चौकशी आधी करा. ॲडमिनला विचारा की दुचाकींच्या पार्किंगमध्ये सायकलीला जागा आहे का, आणि बांधायला काही आहे का. नसेल आणि फुटपाथवरच लावावी लागणार असेल, तर सायकल कुठली घ्यायची याचं उत्तर तिथंच बदलतं. दिवसभर रस्त्यावर उभी राहणार असेल तर भाच्याची चाळीस हजारांची यादीतून बाद.

रस्त्यावर बांधताना लोक कशाकशाला बांधतात ते बघण्यासारखं असतं. झाडाभोवतीची जाळी, दुकानाच्या शटरची कडी, फुटपाथचं रेलिंग. रेलिंग हलवून बघा. पुष्कळ ठिकाणी ते नट-बोल्टवर असतं किंवा खालून गंजलेलं असतं. 'नो पार्किंग'चा खांब बुटका असेल आणि पाटी लहान असेल तर सायकल कुलपासकट वरून उचलून काढता येते. आणि त्याच पाटीखाली लावली तर ती उचलून नेणारे चोर असतीलच असं नाही!

आता कुलूप. तुमच्यासारख्या हजारो सायकलींवर ते प्लॅस्टिकच्या नळीतलं केबल लॉक असतं, कारण दुकानदार ते सायकलीबरोबर फुकट देतो. आत बारीक तारांचा पीळ असतो, बाहेरचं रंगीत प्लॅस्टिक त्याला जाड दाखवतं. चांगला वायर कटर असेल तर काही सेकंदांचं काम. नंबरच्या स्वस्त कुलपात तर कटरही लागत नाही. केबल ओढून ताणत एकेक चकती फिरवली की कुठला आकडा अडकतोय ते सरावलेल्या बोटांना कळतं. केबलचा उपयोग एवढाच की मुख्य कुलूप दुसरीकडे असताना पुढचं चाक किंवा हेल्मेट अडकवून ठेवता येतं.

मुख्य कुलूप म्हणून डी-लॉक घ्या, त्यालाच यू-लॉक म्हणतात. सळई बारा ते चौदा मिलिमीटर जाड हवी आणि कठीण केलेल्या पोलादाची हवी. वजन किलोभर भरेल, त्याची तयारी ठेवा. हातात हलकं लागलं तर घेऊ नका. मोठं घेतलं की कुठंही बसेल, असा मोह होतो, पण आतली जागा जितकी मोकळी तितका पाइप किंवा जॅक घालून ते फाकवणं सोपं. लहान डी-लॉक मागच्या चाकातून आणि सीटखालच्या त्रिकोणी भागातून घालून खांबाला अडकवा. चाक आणि फ्रेम दोन्ही त्यात येतात, चोराच्या पहारीला जागा उरत नाही. नुसत्या पुढच्या चाकाला बांधलेली सायकल म्हणजे खांबाला एक चाक ठेवून बाकीची सायकल दान केल्यासारखं.

घरच्या पाइपासाठी वेगळी जाड साखळी आणा, आणि ती तिथंच राहू द्या. रोज वाहून न्यायची नसल्यामुळे दोन-तीन किलोची असली तरी चालते. रविवार पेठेत बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत हरतऱ्हेच्या साखळ्या मिळतात, पण झुल्याला किंवा फाटकाला वापरतात ती साधी साखळी मऊ लोखंडाची असते, बोल्ट कटरला दाद देत नाही असं समजू नका. कठीण केलेली साखळी मागा. ओळखायची खूण: तिच्यावर कानस चालवली तर घसरते, चावत नाही. दुकानदार कानस चालवू देईल का, हा प्रश्न वेगळा. साखळी कडक आणि तिचं कुलूप मात्र पेटीला लावतात तसलं, असंही करू नका. चोर दोन्हींतलं कच्चं काय तेच तोडणार.

मंडईत कोथिंबीर घ्यायला पाच मिनिटं थांबायचं असेल तर जुन्या काळच्या सायकलींना असायचं ते मागच्या चाकावरचं गोल कुलूप अजूनही उत्तम. चाकात सळई जाते, किल्ली काढली की झालं. त्यानं सायकल उचलून नेणारा थांबत नाही, पण टांग टाकून पळणारा थांबतो. सायकल नजरेसमोर असेल तोवर एवढं पुरे.

पुढच्या चाकाला आणि सीटला हातानं फिरवायची क्लिप असेल, म्हणजे क्विक रिलीज, तर घेतल्या दिवशीच मेकॅनिककडून काढून नट किंवा ॲलन की लागणारा बोल्ट बसवून घ्या. ती सोय स्पर्धेत चाक झटपट बदलायला आहे. ऑफिसबाहेर ती फक्त दुसऱ्याच्या सोयीची.

कागदांचं सांगते, कारण यात यजमानांच्या सूचनेचं उत्तर आहे. पूर्वी नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि बिल्ला देत. आता सायकलीची कुठंच नोंदणी नाही. म्हणून मालकी दाखवायला दोनच गोष्टी: बिल आणि फ्रेमवर कोरलेला नंबर. हा नंबर बहुतेक सायकलींत पायडलच्या एक्सलच्या नळीखाली असतो. सायकल उलटी करा, चिखल पुसा, फोटो काढा. नंबर बिलावर लिहून घ्यायला दुकानातच सांगा. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे 'बिल नको असेल तर कमी करून देतो' यात वाचणारी रक्कमही आता किरकोळ आहे. आणखी एक जुनी युक्ती: नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सीटच्या नळीत सरकवून ठेवा. फ्रेमचा नंबर घासून टाकणाऱ्याच्या ती सहसा लक्षात येत नाही.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात चोरीचं कलम 303. मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची आहे. पाच हजारांच्या आतली अशी चोरी अदखलपात्र धरली जाते. म्हणजे पोलीस नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद लिहून घेतात, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपासाला लागत नाहीत. एकवीस गिअरची तुमची सायकल पाच हजारांच्या वरची होती यात शंका नाही, आणि बिल हातात आहे. मग तक्रार का नाही केलीत? आताही करा. 'कोण तपास करणार' हे खरंही ठरेल कदाचित, पण चोरीच्या सायकली एकगठ्ठा सापडतात तेव्हा ज्यांची तक्रार नाही त्यांना बोलावणं येत नाही. तक्रार ऑनलाइन पाठवलीत तर तीन दिवसांत पोलीस ठाण्यात जाऊन सही करावी लागते, एवढं लक्षात ठेवा. घराचा विमा असेल तर ती पॉलिसीही काढून वाचा. काही गृहविम्यांमध्ये पायडल सायकलीचा भाग असतो, आणि दावा करायचा झाला तर पहिला कागद पोलीस तक्रारीचाच मागतात.

आता यजमानांची दोन-तीन हजारांची जुनी सायकल. ती कुठून येणार? बिल नसलेली, मालकाचं नाव नसलेली, रंग नुकताच मारलेली सायकल एवढ्या स्वस्तात मिळते तेव्हा ती कुणातरी कोथरूडकराच्या पार्किंगमधली असण्याची शक्यता बरीच असते. तुमची कुठं गेली असेल? अशाच ठिकाणी. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला सबळ कारण असून घेणं हा कलम 317 खाली गुन्हा आहे. शिवाय 'गेली तर गेली' म्हणून घेतलेल्या सायकलीला कुणी चांगलं कुलूप लावत नाही, म्हणून ती जाते. आणि गेल्यावर पाच हजारांच्या आतली म्हणून पोलिसांकडेही एनसीच. वर टायर-ट्यूब, चेन, फ्रीव्हील, ब्रेकच्या वायरी, हबचे छर्रे, चाकाचा आऊट म्हणजे वाकडेपणा काढणं, असं करत दुरुस्तीचं बिल सायकलीच्या किमतीवर जातं.

तरी यजमानांच्या म्हणण्यात तथ्य आहे. भपकेबाज सायकल चोराच्या डोळ्यात आधी भरते, साधी मागं राहते. आणि जुनी घेण्यातही गैर काही नाही, फक्त ओळखीच्या माणसाकडून आणि बिलासकट घ्या. लॉकडाऊनमध्ये कोथरूडमध्ये हौसेनं घेतलेल्या किती सायकली आज टायर बसलेल्या अवस्थेत गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांचं ओझं वाहताहेत, ते जरा मान वर करून बघा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा विचारा. तुम्हाला हवी ती सायकल दोन मजले वर असू शकते.

कुठली हवी, ते आता. भाच्याच्या म्हणण्यात अर्धं बरोबर आहे. जाड गोट्यांच्या टायरची आणि पुढं स्प्रिंगची सायकल शहरात तुमची ताकद खाते. कमी किमतीतलं सस्पेन्शन म्हणजे लोखंडी स्प्रिंगचं जास्तीचं ओझं. पायडल मारताना तीच खालीवर होते. पुण्यातले खड्डे त्यापेक्षा रुंद पण गुळगुळीत टायर चांगले झेलतो, हवा अगदी कडक भरलेली नसली तर. टायरच्या कडेला 700 बाय 38 किंवा 26 बाय 1.75 असं काही छापलेलं दिसेल, त्या आसपासचं घ्या. त्याहून बारीक टायर वेगाला छान, ड्रेनेजच्या जाळीला वाईट. हवा किती भरायची तेही तिथंच छापलेलं असतं.

गिअर एकवीस कशाला? पुढं तीन चक्रं, मागं सात, गुणाकार एकवीस. त्यातल्या बऱ्याच जोड्या जवळपास सारख्याच असतात, आणि पुढचं डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, पहिल्या पावसाळ्यात कुरकुरायला लागतं. तुमचा रस्ता डोळ्यांसमोर आणा: सकाळी कोथरूडहून डेक्कनकडे उतार, संध्याकाळी दमून परतताना तोच चढ, तोही लांबवर आणि सौम्य. एवढ्यासाठी पुढं एक आणि मागं सात पुरेसे होतात. पौड फाट्याच्या अलीकडे राहणारी व्यक्ती बिनगिअरच्या सायकलीवरही हे अंतर आरामात काढते. चांदणी चौक किंवा बावधनच्या बाजूला राहणाऱ्यांना मात्र गिअर हवेतच. गुडघे दुखत असतील तर बॅटरीची सायकल बघा; 250 वॉटच्या आत मोटर आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत वेग असलेलीला लायसन्स-नोंदणी लागत नाही. पण बॅटरी रोज काढून वर न्यावी लागेल, नाहीतर आधी तीच जाईल.

दुकानात जाताना पर्समध्ये एक छोटा लोहचुंबक घेऊन जा. चेष्टा नाही. फ्रिजवरचा असतो तोही चालेल. रिमला लावून बघा. चिकटला तर रिम लोखंडी. रिमवर घासणारा ब्रेक असेल तर कोरड्या दिवसांत फरक कळत नाही, पण जुलैत क्रोमच्या ओल्या रिमवर रबर नुसतं घसरतं आणि सायकल थांबायला दुप्पट जागा घेते. चुंबक चिकटला नाही तर अल्युमिनियम, ती घ्या. डिस्क ब्रेकला रिम कसली यानं फरक पडत नाही, आणि चिखलात डिस्क चांगली चालते. पण स्वस्त डिस्क वारंवार घासते, आवाज करते, आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला ती नीट लावता येतेच असं नाही. अल्युमिनियमच्या रिमवरचा साधा व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारा, तो दहा मिनिटांत लावून देतो. मी तोच घेईन.

तसाच हवेचा वॉल्व्ह. महागड्या सायकलींच्या ट्यूबला बारीक, टोकाला छोटा स्क्रू असलेला वॉल्व्ह असतो. तो पंक्चरवाल्याच्या पाइपाला बसत नाही, वेगळा ॲडॉप्टर लागतो. स्कूटरसारखा जाड वॉल्व्ह असला की कुठल्याही चौकात हवा भरता येते. फक्त कॉम्प्रेसरवाल्याला 'हळू' म्हणून सांगा. सायकलीची ट्यूब छोटी असते, दोन-तीन सेकंदांत हवा गरजेपेक्षा जास्त होते आणि ट्यूब फुटते.

फ्रेम नळी खाली असलेली घ्या. 'लेडीज सायकल' म्हणून भाचा नाक मुरडेल, मुरडू द्या. मागं कॅरियरवर डबा आणि लॅपटॉप बांधलेला असताना टांग मागून टाकण्यापेक्षा पाय पुढून घालणं केव्हाही सोपं, आणि सिग्नलला पटकन उतरताही येतं. चेनला पूर्ण कव्हर, दोन्ही चाकांना लांब मडगार्ड, भक्कम कॅरियर आणि साइड स्टँड या गोष्टी हायब्रिडवर बहुतेक वेळा नसतात, वेगळ्या घ्याव्या लागतात. किमतीची तुलना करताना हे धरा. चेन उघडी असेल तर ओढणी आणि सलवार दोन्ही तिच्यात जाणार. सीटची उंची अशी: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवड्यानं चालवताना तो किंचित वाकलेला राहतो. आपल्याकडे बऱ्याच बायका सीट फार खाली ठेवतात, दोन्ही पाय टेकावेत म्हणून, आणि मग 'सायकलीनं गुडघे दुखतात' म्हणतात. दुकानाबाहेर एक चक्कर मारल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑनलाइन घेतलीत तर ती खोक्यात अर्धवट जोडलेली येते, उरलेली मेकॅनिककडूनच जोडून घ्या. आणि महिनाभरानं एकदा दाखवा. नव्या वायरी ताणल्या जातात, आऱ्या सैल होतात.

हे सगळं मिळून साधारण बारा ते सोळा हजारांत बसतं, त्यावर दीड-दोन हजार कुलपांचे. मोठी सायकल आणि फुकटातलं कुलूप यापेक्षा मधली सायकल आणि चांगलं कुलूप, असं माझं मत आहे.

सासूबाईंच्या बोलण्यात स्कूटरपेक्षा काळजी जास्त असावी. त्यांना रस्ता दाखवा. कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या खांबांशेजारून बसच्या मागं चालवत जाणार असाल तर त्यांची बाजू बरोबर आहे. नळ स्टॉपपासून प्रभात रोडच्या गल्ल्या, मग भांडारकर रस्ता, असं आतून गेलात तर पाच-सात मिनिटं जास्त लागतील, पण वाहनं कमी आणि सावली भरपूर. महापालिकेनं सायकल आराखडा 2017 मध्ये मंजूर केला. ट्रॅक जिथं आहेत तिथंही त्यावर गाड्या लावलेल्या आणि टपऱ्या मांडलेल्या असतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर रस्ता ठरवू नका. मागं लुकलुकणारा लाल दिवा, पुढं पांढरा, हेल्मेट आणि चांगली टणटणीत घंटी एवढं घ्या. दिवे काढून पर्समध्ये टाकता येतील असेच घ्या. आणि मुसळधार पावसात स्कूटरनं किंवा वनाझहून मेट्रोनं जा, त्यानं सायकलीचा अपमान होत नाही.

राहता राहिला वॉचमन. तुमच्याकडे त्याच्याविरुद्ध काय आहे? तो ड्यूटीवर होता, एवढंच. बारा तास गेटवर बसलेल्या माणसाला मागच्या कोपऱ्यातलं दिसत नाही, आणि दिवाळीत पाहुणे, कुरिअर, रंगकामवाले अशी ये-जा चालूच असते. संशय बोलून दाखवलात आणि खोटा निघाला तर त्याची नोकरी जाईल, तुमची सायकल काही परत यायची नाही. त्याच्याशी जरूर बोला, पण जाब विचारायला नको, माहिती विचारायला. त्या दिवसांत कुणाच्या घरी काम चालू होतं, कुठला टेंपो आत आला होता, गेटवरच्या रजिस्टरमध्ये काय आहे. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही आठवड्यांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळे ते आता मिळणार नाही. रजिस्टर मात्र मिळू शकतं, आणि पोलीस तक्रारीला ते जोडता येईल. नवा पाइप बसला की तुमची सायकल कुठली ते त्याला एकदा दाखवून ठेवा. कोणती सायकल कुणाची हे माहीत असलं तरच तो नेणाऱ्याला हटकू शकतो.

आणि कुलूप घ्याल तेव्हा त्याच्या किल्ल्या घेतल्या दिवशीच वेगळ्या करा. एक जुडग्यात, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, तिसरी असेल तर घरी. किल्लीवर बारीक नंबर असतो तो लिहून ठेवा, हरवली तर काही कंपन्या त्यावरून नवी देतात. पावसाळ्याआधी कुलपात दोन थेंब तेल सोडा. गंजून अडकलेलं डी-लॉक कापायची वेळ आली तर तुम्हाला ग्राइंडरवाल्याला बोलावून ऑफिसबाहेर तुमचीच सायकल सोडवावी लागेल, आणि तेव्हा मालकी सिद्ध करायला बिलाचा फोटो मोबाइलमध्ये असलेला बरा.